ऑइलला लावलेली शीग

इंजिनात ऑइल जास्त झालं तर काय होतं, हे मला कुणी शिकवायची गरज नाही. मी ते करून बघितलंय. ऑइल कमी पडून बिघडलेले ट्रॅक्टर आमच्या भागात पुष्कळ सापडतील. जास्त घालून बिघडवलेला मी तरी एकच बघितला, आणि तो आमचा आहे.

माझं शिक्षण तिसरीपर्यंत झालं. चौथीच्या हजेरीपटावर नाव होतं, पण मी नव्हतो. त्यामुळं लिहिण्यात कुठं चुकलं असेल तर ते तसंच राहू द्यावं. मला जे म्हणायचंय ते बरोबर आहे.

आधी मापाचं सांगतो, कारण सगळं तिथून आलं.

आमचं घर महाळुंगे पडवळच्या शिवेला लागून. माझा बाप गावकीचं काम करायचा. निरोप पोचवायचे, मेलेलं ढोर ओढायचं, जे पडेल ते. त्याच्या बदल्यात सुगीला खळ्यावर जाऊन धान्य घ्यायचं. मी सहा-सात वर्षांचा असेन. बाप पोत्याचं एक टोक धरायचा, दुसरं मी. महाळुंग्याच्या मळ्याचा मालक, त्याला आम्ही मळेवाला म्हणायचो, तो अधोलीनं मोजायचा. अधोली म्हणजे लाकडी माप, अर्ध्या पायलीचं. रास मोठी असली की माप भरून वर धान्याचा डोंगर राहतो, त्याला आमच्याकडं शीग म्हणतात. व्यापाऱ्याला मोजताना शीग असायची. सुताराला मोजताना शीग असायची. आमचं पोतं पुढं आलं की मळेवाला तळहात फिरवून वरचं पुसून घ्यायचा आणि मग माप उपडं करायचा. पुसलेले दाणे परत राशीत पडायचे. त्याचा आवाज अगदी बारीक असतो, पण येतो. मी पोत्याच्या टोकाशीच उभा असायचो, त्यामुळं मला यायचा.

धर्म बदलला तेव्हा बापानं गावकी सोडली. खळ्यावर जायचं बंद केलं. त्यानंतर त्यानं मंचरच्या बाजारातून पहिली वस्तू आणली ती अधोली. घरात मोजायला धान्य नव्हतं, माप आधी आलं. ते त्यानं खुंटीला टांगलं आणि आईला सांगितलं, "ह्या घरातनं कुणाला बी सपाट माप जायचं न्हाई. द्यायचं तर शीग लावून, न्हाईतर द्यायचंच न्हाई."

पुढं रान घेतलं, विहीर झाली, धान्यही आलं. बाप गेला. शीग राहिली. मी तिच्यात कधी खंड पडू दिला नाही. माझ्या हातचा चहा कपातून पिता येत नाही, कारण निम्मा बशीतच असतो. एका वर्षी टोमॅटोला मी खत घातलं ते शिगेनं घातलं. झाडं माणसाच्या डोक्यावर गेली. टोमॅटो लागले नाहीत, पण झाडं बघायला लांबून लोक यायचे.

आता ट्रॅक्टरचं.

ट्रॅक्टर माझी सून चालवते. ती जुन्नरकडची, तिच्या माहेरी द्राक्षाची बाग आहे, आणि तिथं लहान ट्रॅक्टर ती लग्नाआधीपासून चालवत होती. माझा मुलगा चाकणला कंपनीत जातो. त्याला ट्रॅक्टर पुढं नेता येतो. मागं घेताना तो कुणाला तरी हाक मारतो. म्हणून जुना ट्रॅक्टर घेतला तो सुनेच्या भरवशावर घेतला, आणि खरं सांगायचं तर निवडलाही तिनंच. मी नुसती चाकाला लाथ मारून बघितली.

पहिलं वर्षभर ती आमचं रान आणि भावकीतल्या दोघांचं रान करत होती. गावात ट्रॅक्टरला नाव पडलं होतं, बाईचा ट्रॅक्टर. बाकी सगळे ट्रॅक्टर कंपनीच्या नावानं ओळखले जातात. पारावर लोक म्हणायचे की बाईच्या सऱ्या वाकड्या जातात. म्हणणाऱ्यांनी सऱ्या बघितलेल्या नव्हत्या. मी त्यांना तसं सांगितलं, तर म्हणाले, "तुमची सून हाय, तुमी तसंच म्हणणार राव."

मग दिवाळीच्या पुढं महाळुंग्याच्या मळ्यावरून फोन आला. तोच मळा. अधोलीवर जो हात फिरवायचा, त्याचा मुलगा आता तिथला कर्ता. मी त्याला मळेवालाच म्हणतो. आम्ही दुसरीत एका वर्गात होतो, एका वयाचे. पूर्वी त्याच्या घरचे माझ्या बापाला नुसतं "ए" म्हणायचे. तो मला "भाऊ" म्हणतो. मी त्याला काहीच म्हणत नाही. फारच वेळ आली तर "राव" म्हणतो.

त्याचा ट्रॅक्टर गिअरबॉक्स खोलून मंचरला पडला होता. कांद्याच्या लागणीला बायका तिसऱ्या दिवशी सकाळी येणार होत्या, आणि रान तयार नव्हतं. रोटर मारून माती भुसभुशीत करायची आणि सऱ्या पाडायच्या होत्या, मधल्या एका दिवसात. सुनेनं फोनचा आवाज मोठा ठेवला होता म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"पोरी, येशील का?"

"येते की, बाबा."

"आमचे पुतणे नगं म्हणत्यात. मी म्हणलं बघू तर. सऱ्या सरळ निघाल्या तर खालच्या मळ्याचं बी तुझ्याकडं देतो."

त्या मळ्यावर सगळ्या शिवाराचं लक्ष असतं. तिथं काम चांगलं झालं की चार गावांत सांगायला लागत नाही. आणि तिथं नाव गेलं तर बाईचा ट्रॅक्टर परत कुणी बोलावणार नव्हतं, भावकीतले दोघेसुद्धा नाही. सून असं काही बोलली नाही. पण त्या दिवशी तिनं ट्रॅक्टर दोनदा धुतला.

ऑइलही तिनंच बदललं. जुनं काढलं, फिल्टर बदलला, मोठ्या कॅनमधून नवं घातलं. मग इंजिनातून ऑइलची पट्टी ओढून मला दाखवली. पट्टी म्हणजे लोखंडाची लांब काडी, तिला खाली दोन खुणा असतात. ऑइल खालच्या खुणेच्या खाली जाऊ द्यायचं नाही आणि वरच्या खुणेच्या वर जाऊ द्यायचं नाही.

"बघा मामा. बरोबर वरच्या खुणेला."

मी बघितलं. बरोबर खुणेला होतं. पुसून घेतल्यासारखं.

"ऱ्हायलेलं कॅनमधीच असू द्या," ती म्हणाली. "पुढं कधी कमी पडलं तर लागंल." कॅनमध्ये तीनेक लिटर उरलं असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आत भाकरी करत होती आणि मी ट्रॅक्टरपाशी होतो. पट्टी मी ओढून परत एकदा बघितली. वरच्या खुणेच्या वर चांगली बोटभर पट्टी मोकळी होती, आणि त्याच्याही वर पुष्कळ. मी विचार केला. कंपनीनं खूण केली, ठीक आहे. पण खुणेच्या वर पट्टी ठेवली कशाला? ऑइल जर तिथवर जायचंच नसेल तर तेवढं लोखंड वाया कशाला घालवायचं? कंपनीवाले एवढेही वेडे नसतात. माप खुणेपर्यंत, आणि वरची जागा शिगेसाठी. सरळ दिसत होतं.

आणि दुसरं असं की आज ट्रॅक्टर कुठं चालला होता? ज्या रानातल्या खळ्यावर माझा बाप पोतं धरून उभा राहिला, त्या रानात आमच्या घरचा ट्रॅक्टर बोलावणं आल्यावर चालला होता. तो सपाट मापावर जावा, हे मला बरं वाटेना. पोटभर जावा.

मी झाकण काढलं आणि कॅन उपडा केला. सगळा. पट्टी घातली, काढली. वरपर्यंत ओली. फडक्यानं हात पुसले. रिकामा कॅन ट्रॅक्टरच्या मागं अडकवला, येताना डिझेल आणायला होईल म्हणून. सुनेला सांगितलं नाही. भाकरीवर तूप घातल्यावर कुणी सांगत फिरतं का.

चालू केला तेव्हाच धूर जरा जास्त निघाला. सून म्हणाली, "आज असा का धूर मारतोय?"

"थंडी हाय," मी म्हणालो.

थंडी होती, पण तेवढी नव्हती. मी मडगार्डवर बसलो आणि आम्ही निघालो.

मळेवाला बांधावर प्लास्टिकची खुर्ची टाकून बसला होता. त्याचे दोन पुतणे उभे होते, हातात फोन. ते पन्नाशीचे आहेत, पण दिवसभर फोनवर दुसऱ्याचे ट्रॅक्टर बघत असतात.

"या भाऊ," मळेवाला म्हणाला. "तुमी चालवनार का?"

"मी बघणार," मी म्हणालो.

"मंग बसा. बघायला दोघं असलेलं बरं."

त्यानं दुसरी खुर्ची मागवली. मी बसलो नाही, उभाच राहिलो.

आधी रोटर. सून वरच्या टोकापासून सुरू झाली. पहिला तास चांगला गेला. माती पिठासारखी होत होती. मळेवाला मान एका बाजूला करून बघत होता. पुतण्यांनी फोन खिशात घातला, म्हणजे त्यांना दोष सापडला नव्हता. ते रान खालच्या अंगाला उतरतं आहे. सून उताराला लागली की धूर वाढायचा, चढाला आली की कमी व्हायचा. निळसर, पांढरा. जळक्या तेलाचा वास यायला लागला.

"वैनी, काय खानावळ काढली का?" एक पुतण्या ओरडला.

सून पुढच्या वेळी उताराच्या तळाशी गेली, आणि इंजिनचा आवाज बदलला.

तिनं रेस कमी केली तरी आवाज चढतच गेला. तिनं डिझेल बंद करायचा स्टॉप ओढला. ट्रॅक्टर त्यानं बंद होतो. झाला नाही. ती स्टॉप दोन हातांनी ओढून धरून बसली होती आणि इंजिन आणखी चढत होतं. असा आवाज मी ट्रॅक्टरचा कधी ऐकलेला नव्हता. विमानाचा ऐकलाय. सगळं रान धुरानं भरलं. पुतणे पळाले. मळेवाला खुर्चीसकट मागं सरला. मी पळालो नाही. बांधाच्या पलीकडं काय आहे ते बघायला गेलो.

धुरात सून दिसत नव्हती. मला वाटलं तिनं उडी टाकली असेल. टाकली असती तर कुणी नाव ठेवलं नसतं. तिनं टाकली नाही. तिनं रोटर बंद करून जमिनीत पार खाली सोडला, मोठा गिअर टाकला, दोन्ही ब्रेकवर उभी राहिली आणि क्लच एकदम सोडला. ट्रॅक्टरनं हिसका खाल्ला, पुढची चाकं उचलल्यासारखी झाली, आणि इंजिन घुसमटून बंद पडलं.

एवढी शांतता झाली की विहिरीवरची मोटर ऐकू यायला लागली. धूर अवसरीच्या बाजूला निघून गेला.

सून खाली उतरली. हात तिनं पदराला पुसले. पुतणे परत आले ते बोलतच आले.

"म्हणलं व्हतं तात्या तुमाला. बिगर ऑइलचा आणला असंल."

"कालच बदललंय ऑइल," सून म्हणाली. "मी सवता खुणेला बघितलंय."

"मंग हे कशानं झालं? नजर लागली का?"

तिनं ऑइल खाली बसू दिलं आणि पट्टी ओढली. पट्टी खुणेच्या वर हातभर नाही, पण पुष्कळ वर ओली होती, आणि ऑइलला ताकासारखा फेस आला होता. पुतण्यानं पट्टी तिच्या हातातून घेऊन चुलत्याला दाखवली.

"हे बघा तात्या. खूण कुटं, ऑइल कुटं. वैनी, हितं पिठात पाणी घातल्यावानी अंदाजानं चालत न्हाई."

दुसरा म्हणाला, "बाईमाणसाला खूण बी दिसंना, अन म्हणं ट्रॅक्टर चालवती."

दोघे हसले. सुनेनं पट्टी परत घेतली, पुसली, घातली, काढली. तेवढंच. मग ती ट्रॅक्टरच्या मागं गेली आणि तिला तो कॅन दिसला. तिनं तो उचलला. रिकामा कॅन उचलताना हात वर जरा जास्तच जातो. तसा तिचा गेला.

तिनं कॅन परत होता तिथं अडकवला. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. पुढं आली आणि म्हणाली, "माझ्याच्यानंच चुकून जास्त झालं असंल."

मी बांधावर उभा होतो. कुणी मला काही विचारलेलं नव्हतं.

मळेवाल्यानं खिशातून फोन काढला. "पोरी, वाईट वाटून घेऊ नगं. पण उद्या बायका येणार. अवसरीवाल्या ट्रॅक्टरला बोलावतो आता. काय करनार."

तो नंबर शोधत होता. त्याला जवळचं नीट दिसत नाही, त्यामुळं वेळ लागत होता. तेवढ्या वेळात माझ्या मनात पुष्कळ आलं. मी जन्मात कुणाला चुकलो म्हणून सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि ती चाळीस वर्षं वाट बघत होती. सांगायचंच असतं तर पुष्कळ जागा होत्या. ह्या रानात, ह्या माणसापुढं, आणि तेही मापाच्या बाबतीत सांगायचं, हे मला अगदीच नको होतं. दुसऱ्या बाजूला सून उभी होती. तिच्या गालाला काजळी लागलेली होती, आणि उद्या चार गावांत सांगायला लागणार नव्हतं.

"फोन ठेवा राव," मी म्हणालो.

"काय?"

"ऑइल मी घातलंय."

पुतणे माझ्याकडं बघायला लागले. एक म्हणाला, "बाबा, कमी व्हतं का?"

"न्हाई. बरोबर व्हतं."

"मंग?"

"बरोबर व्हतं म्हणून घातलं. तिनं खुणेलाच घातलं व्हतं. वरचं सगळं माझं. तिला ठावं न्हाई."

"पण कशापायी?"

"शीग लावली."

पुतण्यांना ते कळलं नाही. धान्य ते काट्यावर मोजतात, पोत्यानं. एकानं विचारलं, "शीग म्हंजी काय?"

 मळेवाल्याच्या हातात फोन तसाच होता. तो माझ्याकडं बघत नव्हता, खाली रानाकडं बघत होता, जिथं पूर्वी त्यांचं खळं होतं. मला वाटतं त्याला ठाऊक होतं. तो त्या वेळी सहा-सात वर्षांचा असेल आणि राशीच्या त्या बाजूला उभा असेल. मी त्याला तिथं बघितलेलं आहे.

मग तो म्हणाला, "ऑइलला शीग चालत न्हाई, भाऊ."

"आता कळलं."

"मंग वरची काढून टाका."

"काढतो."

त्यानं फोन लावला. अवसरीला नाही, शिनोलीच्या मेकॅनिकला लावला. "लगेच ये," म्हणाला. "आपल्याच ट्रॅक्टरचं काम हाय."

मेकॅनिक मोटारसायकलवर आला. त्यानं हवेचा पाइप उघडला, तर आतून ऑइल ठिबकलं. बोट घालून त्यानं सगळ्यांना दाखवलं. त्या माणसाला समजावून सांगायची हौस आहे.

"खाली चेंबरमधी ऑइल असतं. त्याच्या वर क्रँक फिरतो. ऑइल खुणेला असलं तर क्रँक त्याला शिवत न्हाई. जास्त झालं की क्रँक त्याच्यात बुडतो अन रवीवानी घुसळतो. घुसळलं की फेस. फेसाला जोर नसतो, मंग जिथं ऑइल जायला पायजे तिथं नुसती हवा जाते. म्हंजी जास्त घालून बी इंजिन कोरडंच."

"जास्त घालून कोरडं?" मी विचारलं.

"तेच तर. अन मंग हे जास्तीचं राहनार कुटं? सीलवर दाब देतं. वाफेच्या नळीनं वर हवेच्या पाइपात येतं, अन तिथनं इंजिनच्या आत. डिझेल इंजिनला काय, डिझेल काय अन ऑइल काय, जे मिळंल ते जाळतं. तुमी डिझेल बंद केलं, पण ते डिझेलवर चालतच नव्हतं. सवताचं ऑइल पीत व्हतं. ते संपंस्तोवर पळालं असतं, न्हाईतर फुटलं असतं." मग तो सुनेकडं वळला. "बंद कुणी केलं?"

"मी," सून म्हणाली.

"कसं?"

तिनं सांगितलं. मेकॅनिकनं पुतण्यांकडं बघितलं. "ह्यांच्यातलं कुणी वर असतं तर आज इंजिन गेलं असतं. कोण बी उडीच टाकतं."

पुतण्यांनी फोन बाहेर काढले.

मेकॅनिक ट्रॅक्टरच्या पोटाखाली गेला, खाली बादली ठेवली, नट ढिला केला. "पट्टी कोण बघनार?"

सून पुढं झाली. मी तिला बाजूला केलं. "मी बघतो."

ऑइल बादलीत पडत होतं. तो नट लावायचा, आम्ही ऑइल खाली बसायची वाट बघायचो, मी पट्टी पुसून घालायचो, काढायचो. तीन वेळा झालं. चौथ्या वेळी मी म्हणालो, "बास."

मळेवाला माझ्या खांद्यावरून बघत होता. "भाऊ," तो म्हणाला. "अजून बोटभर हाय."

"थोडं तर राहू द्या."

"सपाट, भाऊ."

मी परत बघितलं. मेकॅनिक खालून म्हणाला, "काय करू?"

"काढ," मी म्हणालो. "सपाट कर."

मी ते म्हणालो. माझ्याच तोंडानं, त्याच रानात. बादलीत शेवटचं ऑइल पडलं त्याचा आवाज आला. पाचव्या वेळी पट्टी बरोबर खुणेला होती.

हवेचा पाइप पुसला, फिल्टर साफ केला, आणि ट्रॅक्टर चालू केला. पाच मिनिटं धूर आला, मग कमी झाला, मग गेला. मेकॅनिक कान लावून बसला होता. शेवटी म्हणाला, "नशीब हाय. मागचं सील जरा पाझरतंय. हंगाम झाला की उघडू, न्हाईतर ऑइल क्लचप्लेटवर जाऊन क्लच सटकायला लागंल."

सून परत वर चढली. जेवायला थांबली नाही. दिवस मावळायच्या आत रोटर झाला होता आणि शेवटची सरी पडत होती. मळेवाला खुर्चीतून उठला, सरीच्या तोंडाशी उकिडवा बसला आणि एक डोळा मिटून शेवटापर्यंत बघितलं. मग दुसऱ्या सरीपाशी गेला. पुतण्यांपैकी एकानंही वाकून बघितलं आणि म्हणाला, "सरळ हाय."

"मंग मी काय सांगत व्हतो?" मळेवाला म्हणाला. हे तो कधी सांगत होता ते मी ऐकलं नव्हतं. मग त्यानं सुनेला हाक मारली. "पोरी, परवा खालच्या मळ्यात ये. बायकांना तवर हितं गुंतवतो."

"येते, बाबा."

"अन ऑइल तूच बघत जा."

घरातून चहा आला. मळेवाल्यानं किटली स्वतःच्या हातात घेतली आणि माझा कप भरला. कप भरला तरी थांबला नाही. बशी भरली, थोडा त्याच्या धोतरावर सांडला.

"घ्या भाऊ," तो म्हणाला. "शीग हाय."

त्या घरचं काही खायचं-प्यायचं नाही असं माझ्या बापानं कधी सांगितलं नव्हतं. ते मी माझं ठरवलेलं होतं. बशी हातात जास्त वेळ धरली तर पोळते. मी चहा पिलो. साखर कमी होती.

घरी येताना मी परत मडगार्डवर.  वाटेत सून म्हणाली, "मामा, मी म्हणलं व्हतं की, माझ्याच्यानं झालं म्हणून. मिटलं असतं. तुमी कशाला मधी बोललात?"

"तू खोटं कशाला बोललीस?"

"मला वाटलं, त्या रानात तुमाला बोलायला नगं वाटंल."

"नगंच वाटलं."

 ती हसली असावी, कारण ट्रॅक्टर जरा वळला.

"रस्त्याकडं बघ," मी म्हणालो.

हंगाम संपल्यावर क्लच खोलला. मेकॅनिक म्हणाला होता तसंच, प्लेटच्या कडेला तेल लागायला सुरुवात झाली होती. त्याला मी विचारलं की हे त्याच दिवसाचं कशावरून. तो म्हणाला, "दुसऱ्या कुठल्या दिवसाचं असंल, बाबा?" मी विषय वाढवला नाही. बाईचा ट्रॅक्टर अजून बाईचाच ट्रॅक्टर आहे, पण आता लोक तसं म्हणून कधी मोकळा आहे ते विचारतात. खालचा मळा झाला, त्याच्या शेजारचा झाला, आणि पारावर सऱ्यांचं कुणी काढत नाही. मी मुद्दाम काढतो.

ऑइलचे कॅन सुनेनं तिच्या साड्यांच्या कपाटात ठेवलेत आणि किल्ली तिच्याकडं असते. पट्टी बघायचं काम मात्र तिनं माझ्याकडंच दिलंय. रोज सकाळी, इंजिन गार असताना, ट्रॅक्टर सपाट जागेवर उभा करून, पट्टी ओढायची, पुसायची, परत घालायची, काढायची आणि तिला हाक मारून सांगायचं.

"खुणेला हाय," मी सांगतो.

"बरोबर खुणेला?" ती आतून विचारते.

"बरोबर."

मग मी पट्टी पुसून ठेवतो. पुसताना दर वेळी ती वरची मोकळी जागा बोटाला लागते. ती कशाला ठेवली आहे, हे मेकॅनिकला दोनदा विचारलं, मुलाच्या कंपनीतल्या एका साहेबालाही विचारायला लावलं. मला पटेल असं अजून कुणी सांगितलेलं नाही.